शाळेचे अंगण



खेड्यातील प्राथमिक शाळेचा विषय निघाला म्हणजे बहुधा दोनच सूर ऐकू येतात. एक गौरवाचा : याच शाळेने अमुक इतके अधिकारी, शिक्षक आणि डॉक्टर घडविले. दुसरा तक्रारीचा : छप्पर गळते, गुरुजी एकच, आणि पाचवीच्या मुलाला दुसरीचे पुस्तक वाचता येत नाही. दोन्ही सूर खरे असू शकतात. परंतु या दोहोंच्या मध्ये शाळेचे जे नित्याचे जीवन आहे, म्हणजे तिथला हजेरीपट, प्रार्थना, मधल्या सुटीतले जेवण, पोळ्याचे मातीचे बैल आणि पंधरा ऑगस्टची प्रभातफेरी, त्याकडे विचारवंतांचे लक्ष क्वचितच जाते. शाळेतील समारंभ म्हणजे अभ्यासातून काढलेला विरंगुळा, असे मानण्याची सवय पडली आहे. वस्तुतः गाव आणि शाळा यांचा करार प्रतिवर्षी नव्याने होतो तो याच समारंभांतून. हा करार कसा होतो, कोठे अपुरा राहतो आणि तो मोडला म्हणजे गावाचे काय जाते, एवढाच या व्याख्यानाचा विषय आहे.

उदाहरणासाठी खुर्सीपारचे नाव घेणे सोयीचे आहे. आज खुर्सीपार हा छत्तीसगडमधील भिलाई या पोलादनगरीचा एक भाग आहे. नाव मात्र गावाचे आहे. २ फेब्रुवारी १९५५ रोजी भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात करार झाला, दुर्ग जिल्ह्यातील भातशेतीच्या मुलखात पोलादाचा कारखाना उभा राहू लागला, आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. या चार वर्षांत आसपासच्या अनेक गावांची शेते गेली. जी गावे राहिली त्यांच्याभोवती आंध्र, ओडिशा, बिहार, उत्तर प्रदेश, पंजाब, केरळ आणि विदर्भ येथून आलेल्या कामगारांची वस्ती वाढली. खुर्सीपार परिसरात तेलुगू बोलणाऱ्या कुटुंबांची वस्ती तर विशेष मोठी आहे. लंडनमधील मानववंशशास्त्रज्ञ जॉनथन पॅरी यांनी १९९३ पासून भिलाईत दीर्घकाळ राहून अभ्यास केला आणि २०२० साली आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. कारखान्याच्या कुंपणालगतची गावे गाव आणि कामगारवस्ती अशी दुहेरी कशी झाली, याचे सविस्तर दर्शन त्यात घडते. कारखान्यात कायम नोकरी असलेल्याचा मुलगा आणि ठेकेदाराकडे रोजंदारी करणाऱ्याचा मुलगा यांची वाट शाळेपाशीच वेगळी होत असे. कारखान्याने आपल्या वसाहतींत स्वतःच्या शाळा चालविल्या. उरलेल्यांसाठी सरकारी प्राथमिक शाळा होती.

मराठी वाचकाला हा मुलूख दूरचा वाटण्याचे कारण नाही. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत दुर्ग आणि भंडारा, रायपूर आणि नागपूर हे सर्व एकाच प्रांतात होते आणि त्याची राजधानी नागपूर होती. शिवनाथेकाठची हिंदी शाळा आणि वैनगंगेकाठची मराठी शाळा यांचे शिक्षणखाते एकच होते. १९०० साली पेंड्र्याहून 'छत्तीसगढ मित्र' हे हिंदी मासिक काढणारे आणि पुढे लोकमान्य टिळकांचे 'गीतारहस्य' हिंदीत नेणारे माधवराव सप्रे हे मराठी घरातलेच होते. म्हणून या व्याख्यानात दुर्गची गोष्ट सांगताना विदर्भाची आणि महाराष्ट्राची उदाहरणे सहज येतील. गावे निराळी आहेत, पण शाळेचे अंगण बरेचसे सारखे आहे.

प्रथम शाळेतल्या सर्वांत जुन्या वस्तूकडे पाहू. ती घंटा नव्हे, फळाही नव्हे. ती म्हणजे प्रवेशाची नोंदवही. छत्तीसगडात तिला दाखल-खारिज पंजी म्हणतात, महाराष्ट्रात जनरल रजिस्टर. मुलाचे नाव, बापाचे नाव, जात, धंदा, जन्मतारीख, शाळेत आल्याचा दिवस आणि शाळा सोडल्याचे कारण एवढ्या रकान्यांत एका पिढीचे आयुष्य मावते. जन्मतारखेचा रकाना पाहिला तर एक गंमत दिसते. छत्तीसगड आणि मध्य प्रदेशात १ जुलैला, तर महाराष्ट्रात १ जूनला, जन्मलेल्यांची संख्या अतोनात आहे. खरी तारीख घरी कोणालाच ठाऊक नसे; गुरुजी मुलाच्या दातांकडे आणि उंचीकडे पाहून वर्ष ठरवीत आणि शाळा उघडण्याच्या सुमाराची तारीख लिहून टाकीत. अशा रीतीने कित्येक माणसांचा वाढदिवस शाळेनेच ठरविलेला आहे.

पण ही वही केवळ गमतीची वस्तू नाही. महाराष्ट्रात जातीचा दाखला मिळविताना अनुसूचित जातीला १० ऑगस्ट १९५० च्या, विमुक्त जाती व भटक्या जमातींना २१ नोव्हेंबर १९६१ च्या आणि इतर मागासवर्गीयांना १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीपासूनचे वास्तव्य दाखवावे लागते, आणि त्यासाठी आजोबांच्या शाळेची नोंद हा मोठा आधार ठरतो. २०२३ साली न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीने कुणबी नोंदींचा शोध घेतला तेव्हा जुन्या शाळांची रजिस्टरेही कपाटांतून बाहेर निघाली. ज्या गावाची जमीन गेली आणि ज्याच्या सातबाऱ्याला अर्थ उरला नाही, त्या गावाजवळ 'आम्ही येथले' हे सांगणारा कागद उरतो तो पुष्कळदा शाळेच्या कपाटातच. शाळा बंद होते तेव्हा ही वही कोठे जाते, हा प्रश्न म्हणूनच किरकोळ नाही.

आता शाळेचे वर्ष पाहू. ते सरकारी दिनदर्शिकेप्रमाणे जूनच्या उत्तरार्धात सुरू होते, पण मुलांच्या लेखी ते खऱ्या अर्थाने सुरू होते श्रावणाच्या सुमारास. छत्तीसगडात हरेली हा वर्षाचा पहिला सण. त्या दिवशी शेतकरी नांगर, कुदळ, पावडे धुऊन त्यांची पूजा करतो, दारावर कडुनिंबाचा डहाळा खोचतो, आणि मुले बांबूच्या गेडीवर चढून चिखलातून चालतात. विदर्भातील मुलाला हा खेळ सांगावा लागत नाही. पुढे पोळा येतो. छत्तीसगडात त्याला पोरा म्हणतात, आणि मुलगे मातीचे बैल ओढीत असतात तेव्हा मुली मातीच्या चूल-जात्याने खेळतात. नागपूर भागात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी लाकडी बैलांचा तान्हा पोळा भरतो. यांतील एकही सण शाळेचा नाही. २०१९ साली छत्तीसगड शासनाने हरेलीला सार्वजनिक सुटी दिली, म्हणजे त्या दिवशी शाळेला कुलूपच असते. तरीही सण शाळेत येतो, तो एक दिवस आधी. आदल्या दिवशी गेड्या अंगणात येतात, मातीचे बैल ओळीने मांडले जातात आणि एखादे आजोबा औताच्या भागांची नावे मुलांना सांगतात. ज्याच्या घरी आता औत नाही तो मुलगाही ती नावे ऐकतो. गावातून नाहीशी झालेली शेती अशा प्रकारे शाळेच्या अंगणात वर्षातून एकदा उभी राहते.

पोलादनगरीच्या मुलाला याच सुमारास दुसराही एक सण माहीत असतो. १७ सप्टेंबरला विश्वकर्म्याची पूजा होते. त्या दिवशी कारखान्यातील यंत्रे, गॅरेजमधील पाने आणि ट्रक यांना हार घालतात. आजोबांनी हरेलीला नांगर पुजला, बापाने विश्वकर्म्याला यंत्र पुजले. दोन्ही पूजांचा अर्थ एकच आहे : जे हत्यार भाकरी देते त्याला वर्षातून एक दिवस विसावा आणि मान. हे साम्य मुलाला घरी कोणी समजावून देत नाही. शाळेत ते सहज समजावता येते. पुस्तकातला 'आपली अवजारे' हा धडा दहा वेळा वाचून जे साधत नाही ते येथे एका दिवसात साधते. सण शिक्षणाच्या आड येतो असे म्हणणाऱ्यांनी या एका उदाहरणाचा विचार करावा.

पौष पौर्णिमेला छेरछेरा येतो. भाताची मळणी झालेली असते, कोठ्या भरलेल्या असतात. त्या दिवशी मुलांच्या टोळ्या घरोघर जाऊन धान मागतात आणि प्रत्येक घर ओंजळभर का होईना, देतेच. मागणाऱ्यांत गरिबाचे मूल असते तसेच मालगुजाराचेही असते. त्या एका दिवसापुरते मागणे हे कमीपणाचे राहत नाही. मराठी मुलखात भोंडला आणि भुलाबाई यांच्या खिरापतीत हीच भावना आहे. लोकवर्गणी हा शब्द शासकीय परिपत्रकांत येण्यापूर्वी ही रीत गावांना ठाऊक होती. शाळेला फळा हवा, चटई हवी, पाण्याची टाकी हवी म्हणून गुरुजी दारोदार फिरतात तेव्हा ते काही नवे करीत नाहीत. छेरछेऱ्याची झोळी तेवढी ते वर्षभर खांद्यावर वागवतात.

राष्ट्रीय सणांची गोष्ट थोडी वेगळी आहे. १५ ऑगस्ट आणि २६ जानेवारी या दिवशी शाळा गावाकडे जाते. पहाटे प्रभातफेरी निघते, मुले घोषणा देत गल्ल्यांतून फिरतात, मग झेंडावंदन, भाषणे, आणि शेवटी छत्तीसगडात बुंदी तर महाराष्ट्रात जिलेबी किंवा लाडू. महाराष्ट्रात १ मे हा राज्याचा स्थापनादिन आणि पुष्कळ वर्षे वार्षिक निकालाचाही दिवस राहिल्यामुळे त्या दिवशी झेंड्याखाली उभ्या असलेल्या मुलाचे अर्धे लक्ष प्रगतिपुस्तकाकडे असे. छत्तीसगडात १ नोव्हेंबर २००० हा राज्याच्या जन्माचा दिवस. ज्या गावात अन्य कोणतेही सरकारी कार्यालय नाही तेथे राष्ट्रध्वज पाहण्याची जागा शाळाच असते. झेंड्याची दोरी कोणाच्या हाती द्यावी यावरून गावात कधी वादही होतात. वाद होतात याचाच अर्थ तो मान गावाला मोलाचा वाटतो.

येथे एक कठीण प्रश्न येतो. अंगण सर्वांचे आहे, असे नुसते म्हणून भागत नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी आपल्या आठवणींत लिहिले आहे की शाळेत तहान लागली तरी नळाला हात लावण्याची त्यांना मुभा नव्हती. शिपायाने नळ सोडला तरच पाणी मिळे, आणि शिपाई नसला तर तहानलेलेच राहावे लागे. बसण्यासाठी गोणपाट घरून आणावे लागे. अशा शाळांतही सण होत होते, पण ते अंगण सर्वांचे नव्हते. म्हणून कोणत्याही शाळासमारंभाची परीक्षा साध्या गोष्टींनी करावी : पाणी कोण वाढते, झाडू कोणाच्या हाती असतो, पहिल्या ओळीत कोण बसतो, आणि स्वागतगीत म्हणायला नेहमी त्याच चार मुली का निवडल्या जातात. १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेतून निघालेल्या नई तालीमच्या विचारात आणि सेवाग्रामच्या शाळेत सफाईला अभ्यासक्रमातच स्थान मिळाले, त्यामागे हीच जाणीव होती. झाडू सर्वांच्या हाती आला म्हणजे तो कोणा एकाच्या जातीला चिकटून राहत नाही.

सुदैवाने दिनदर्शिकेत असेही दिवस आले आहेत, जे या जुन्या अन्यायाकडे सरळ पाहतात. छत्तीसगडात १८ डिसेंबरला गुरु घासीदास यांची जयंती असते. १७५६ साली गिरौदपुरी येथे जन्मलेल्या या संताने माणसामाणसांत भेद नाही असे सांगितले, आणि दुर्ग-रायपूरच्या गावागावांत सतनामी समाज त्या दिवशी जैतखांबावर पांढरे निशाण चढवितो. महाराष्ट्रात ३ जानेवारी ही सावित्रीबाई फुले यांची जयंती बालिका दिन म्हणून पाळली जाते. आणि ७ नोव्हेंबर हा विद्यार्थी दिवस ठरला आहे, कारण १९०० साली त्या दिवशी बालक भीमराव साताऱ्याच्या सरकारी शाळेत दाखल झाला. जगात जन्मदिवस आणि विजयदिन पुष्कळ साजरे होतात. एका मुलाचे नाव शाळेच्या रजिस्टरात चढले म्हणून सण व्हावा, हे विरळा. दाखल-खारिज पंजीचे मोल यापेक्षा अधिक काय सांगावे!

जेवणाची पंगत हा शाळेतला रोजचा सण आहे. २८ नोव्हेंबर २००१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्राथमिक शाळांत शिजविलेले अन्न देण्याचा आदेश दिला आणि देशभर शाळांच्या चुली पेटल्या. गुजरातेत 'तिथि भोजन' म्हणून एक प्रथा रुजली होती. तिच्या धर्तीवर छत्तीसगडात २०२४ पासून 'न्योता भोजन' सुरू झाले. घरात वाढदिवस असो, मुलाला नोकरी लागलेली असो, कोणाचे पुण्यस्मरण असो. त्या निमित्ताने गावकरी शाळेतील मुलांना जेवू घालतो. या योजनेचे खरे महत्त्व एका ताटातल्या खिरीत नाही. पूर्वी अशी जेवणे जातीच्या पंगतीत होत. आता तीच मिठाई सर्व मुलांच्या एका ओळीत वाढली जाते. अन्न शिजविणारी बाई कोणत्या समाजाची आहे हे पाहून ताट बाजूला सारणारी घरे आजही आढळतात. तरीही रोज एकत्र जेवणारे मूल मोठेपणी वेगळ्या पंगतीत बसताना एकदा तरी अडखळेल, एवढी आशा धरणे चूक नव्हे.

समारंभाची भाषा हाही विचार करण्याजोगा भाग आहे. वर्गात पुस्तक हिंदीत, घरी बोलणे छत्तीसगडीत. खुर्सीपारसारख्या ठिकाणी त्यात तेलुगू, ओडिया, भोजपुरी आणि मराठीची भर. पुस्तकापुढे गप्प बसणारे मूल स्नेहसंमेलनात आपल्या भाषेतील नाच-गाण्याला मात्र पुढे येते, हा शिक्षकांचा सार्वत्रिक अनुभव आहे. छत्तीसगडीचे पहिले व्याकरण १८८५ च्या सुमारास लिहिणारे हीरालाल काव्योपाध्याय हे धमतरीच्या शाळेचे मुख्याध्यापक होते, आणि ग्रिअर्सन यांनी ते १८९० साली इंग्रजीत नेले. म्हणजे मुलांच्या बोलीला शास्त्राचा मान प्रथम एका शाळामास्तरानेच मिळवून दिला. २००७ साली छत्तीसगडीला राजभाषेचे स्थान मिळाले. तरी वर्गात तिला अजून संकोच वाटतो. रंगमंचावर तो नसतो. जी भाषा वर्षातून एक दिवस रंगमंचावर चालते ती उरलेले दिवस वर्गात का चालू नये, असा प्रश्न स्नेहसंमेलनाने उभा केला तरी त्याचे काम झाले.

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. शाळा कोणाची? १९३७ साली मध्यप्रांत-वऱ्हाडात पहिले काँग्रेस मंत्रिमंडळ आले तेव्हा शिक्षणमंत्री रविशंकर शुक्ल यांनी 'विद्यामंदिर' योजना मांडली. ज्या गावात शाळा नाही तेथे दानात मिळालेल्या शेतजमिनीच्या उत्पन्नावर शाळा चालवावी, अशी तिची कल्पना होती. नावावरून वाद झाला, मुस्लिम लीगने विरोध केला, आणि १९३९ साली मंत्रिमंडळे बाहेर पडल्यावर योजना मागे पडली. परंतु तिच्या मुळाशी एक मर्म होते : गावाने शाळेला जमीन द्यावी, म्हणजे शाळा गावाची होईल. इतिहासाचा योगायोग असा की १९५५ साली भिलाईची निवड झाली तेव्हा प्रांताचे मुख्यमंत्री तेच रविशंकर शुक्ल होते. ज्या मुलखात शाळेसाठी जमीन मागितली गेली, त्याच मुलखातली जमीन पोलादासाठी घेतली गेली. दोन्हींमागे देशाच्या उभारणीचीच इच्छा होती. फरक इतकाच की शाळेसाठी दिलेली जमीन गावाजवळच राहिली असती.

शाळा गावाची आहे याची साक्ष तिच्या शतकमहोत्सवात मिळते. महाराष्ट्रात शंभर-दीडशे वर्षांच्या जिल्हा परिषद शाळा कमी नाहीत. १९६२ साली जिल्हा परिषदा स्थापन होण्याच्या कितीतरी आधीच्या. अशा उत्सवाची रीत ठरलेली असते. माजी विद्यार्थ्यांना पत्रे जातात, भिंती रंगविल्या जातात, स्मरणिका निघते, सर्वांत वयोवृद्ध विद्यार्थ्याला शाल आणि श्रीफळ दिले जाते. सासरी गेलेल्या लेकी त्या दिवशी पुन्हा आपल्या बाकावर बसून पाहतात. भाषणे लांबतात, देणग्या जाहीर होतात, आणि त्यांतील काही येतातही. परंतु त्या उत्सवात बसलेल्यांपैकी कितीजणांची नातवंडे आज त्याच शाळेत शिकतात, असे विचारले तर मंडप शांत होतो. गौरव मराठी किंवा हिंदी शाळेचा, आणि पिवळी बस इंग्रजी शाळेची, हे दृश्य दोन्ही राज्यांत सारखेच आहे. आईबापांना दोष देण्यात अर्थ नाही. पोटाची विद्या कोठे मिळते याचा त्यांचा हिशेब अनुभवातून आलेला असतो. मात्र ज्या घरांना दुसरीकडे जाण्याचे साधन नाही त्यांची मुले मागे उरतात, शाळेची पटसंख्या घसरते, आणि मग ती पटसंख्याच शाळेविरुद्धचा पुरावा होते.

हा प्रश्न केवळ कल्पनेतला नाही. महाराष्ट्रात वीसपेक्षा कमी पट असलेल्या शाळा चौदा हजारांहून अधिक असल्याचे सांगून २०२३ साली समूह शाळांचा प्रस्ताव पुढे आला. छत्तीसगडात २०२५ साली युक्तियुक्तकरणाच्या नावाने दहा हजारांहून अधिक शाळा परस्परांत विलीन करण्याचा निर्णय झाला. त्यांतील बहुतेक एकाच आवारातल्या होत्या, हेही सांगितले पाहिजे. एका शिक्षकावर पाच वर्ग चालविणे मुलांवर अन्याय आहे, आणि शिक्षकांची वाटणी नीट व्हावी, हा शासनाचा मुद्दा नाकारण्यासारखा नाही. परंतु २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याखालील केंद्रीय नियमांत पहिली ते पाचवीची शाळा घरापासून एक किलोमीटरच्या आत असावी असे म्हटले आहे, ते केवळ अंतर मोजण्यासाठी नव्हे. सहा वर्षांचे मूल आणि त्याची आजी जेथवर चालत जाऊ शकतात, तेथवरच शाळा त्यांची असते. बसने जाऊन शिकता येईल. पण बसने जाऊन प्रभातफेरी निघत नाही, आणि दूरच्या शाळेत मातीचे बैल घेऊन कोणाचे आजोबा जात नाहीत.

म्हणून शाळा ठेवावी की मिटवावी याचा निर्णय करताना पटाच्या आकड्याबरोबर आणखी तीन गोष्टी विचाराव्यात. त्या गावाची नोंदवही कोठे जाणार? झेंडा कोठे लागणार? आणि सर्व जातींची मुले एका ओळीत जेवतील अशी दुसरी जागा त्या गावात आहे काय? या तिन्हींचे उत्तर ज्या अधिकाऱ्याजवळ असेल त्याने शाळा खुशाल हलवावी. गावानेही आपल्याकडून दोन गोष्टी कराव्यात. समारंभाला येणाऱ्यांनी एखादा दिवस समारंभ नसतानाही यावे, आणि मुलांना वाचता येते की नाही हे स्वतः पाहावे. जिथे अक्षर येत नाही तिथे गाणे फार दिवस टिकत नाही. सणाने शाळेला माणसे मिळतात, पण तिची अब्रू अभ्यासानेच राहते.

खुर्सीपारच्या नावात आज फक्त एका गावाची आठवण उरली आहे. शेते गेली, भाषा मिसळल्या, धंदे बदलले. अशा ठिकाणी हरेलीच्या आदल्या दिवशी एखादे तेलुगू घरातले मूल गेडीवर चढायला शिकत असेल आणि छत्तीसगडी घरातले मूल त्याला धरून ठेवीत असेल, तर जुने गाव संपले असे म्हणता येणार नाही. ते नव्या माणसांत वसू लागले आहे, एवढेच. त्यासाठी त्याला हवी असते ती थोडीशी मोकळी जमीन आणि तिच्याकडे लक्ष ठेवणारा एक गुरुजी. इतके मागणे कोणत्याही पोलादनगरीला जड नाही.